येत्ये, वाईच थांबा

९ जानेवारी

उपाशीपोटी १७२. जेवल्यावर २३१.

डॉक्टरांनी सांगितलंय, साखर रोज तपासायची आणि लिहून ठेवायची. वही शोधत होते, तर शेजारच्या अजिंक्यने ही डायरी आणून दिली. तो बंदरावर नोकरीला आहे, तिथं दर वर्षी वाटतात. जाड पुठ्ठा, दिवसाला एक पान. दोन आकडे लिहून पान भरतं थोडंच? कोरं सोडायला जिवावर आलं, म्हणून हे लिहिते आहे. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, हे आता कुणाला आठवत नसेल.

साखर माझी नाही, यांची. हे म्हणजे आमचे मालक, सखाराम. जन्म बोटीवर गेला. दीड वर्षापूर्वी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तेव्हापासून पडवीतली खुर्ची आणि हे. डॉक्टर म्हणतात, चालवा. हे म्हणतात, चालवत नाही. मधल्या मधे मी.

वेदिकाचा फोन आला होता. आमची एकुलती एक, गुहागरला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आता सातवा लागलाय. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलंय, तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी येऊ शकत नाही. मीच जायला हवं. आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापाशी उभं राहिलं की खाडीपलीकडचा किनारा दिसतो, फेरीबोटीने पंधरा मिनिटं. तिथून पुढे रिक्षाने तास. "आई, कधी येतेस?" म्हणाली. मी म्हटलं, "येत्ये गो, वाईच थांब. यांची साखर जरा खाली येऊ दे."

१२ जानेवारी

१६८. २१९.

मुंबईहून फोन. आरोही नावाची मुलगी. "मी विनीत यांची मुलगी," म्हणाली, आणि मला एकदम आमचं मागलं दार आठवलं. तिथल्या पायरीवर बसून तो माझ्या हातची घावनं खायचा आणि माशांची नावं विचारायचा.

ब्याण्णव साली हा विनीत दीड महिना आमच्या माळ्यावर राहिला होता. चित्रकार माणूस. टीव्हीसाठी खाडीतल्या जिवांचं कार्टून करायचं होतं, म्हणून खाडीकाठचं गाव बघायला आलेला. पुढच्या वर्षी 'तिवरातली मंडळी' सुरू झालं. दर रविवारी सकाळी, तीन वर्षं. लोकांना वाटायचं ती पाखरं आणि खेकडे आहेत. आमच्या वाडीला ठाऊक होतं की ती आमची वाडी आहे. खंड्या तांडेल, बोटीचा मुख्य, म्हणजे आमचे हे. अगदी तश्शीच मान वाकडी करून 'माज्या बोटीवर असला चालत नाय' म्हणायचा म्हणे. मासे विकणारी बगळीण म्हणजे येसूबाई. ती आता नाही, पण बगळिणीवर फार खूश होती. आणि शंखात राहणारा खेकडा, 'वाईच' त्याचं नाव, तो म्हणजे भिवा होडीवाला. कुणीही हाक मारली की शंखातून आवाज यायचा, 'येतो, वाईच थांबा.' आणि बाहेर कधी यायचा नाही. तिवरांच्या झाडीत लग्न होऊ दे, वादळ होऊ दे, हा आपला आतच. पोरं त्यालाच सगळ्यांत जास्त हसायची.

मला तो खेकडा कधी आवडला नाही. यायचं तर ये, नाही तर नाही म्हण. माणसांना ताटकळत ठेवायचं म्हणजे काय?

विनीत गेल्या वर्षी गेला. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन मार्चमध्ये रत्नागिरीला भरणार आहे आणि ज्यांच्यावरून चित्रं काढली त्या माणसांचा सत्कार करायचाय. मी यांना फोन दिला. फोन ठेवल्यावर यांनी आरसा मागितला आणि आठवड्याने दाढी केली.

१९ जानेवारी

१७०. दुपारची घ्यायची राहिली.

आरोही आली. बरोबर कॅमेरावाला. यांना घेऊन जेट्टीवर फोटो काढायचे होते. मी रिक्षा बोलावत होते तर हे म्हणाले, नको. काठीही नको, फोटोत दिसते. जेट्टीपर्यंत चालत गेले, दगडी पायऱ्या उतरले आणि चढले. मी गडग्यापाशी उभी राहून बघत होते. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. परत आल्यावर खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "दमे, पानी दी. पाय उचलत नाय." पाणी दिलं, पाय चेपले. एवढं चालल्यावर दुखणारच.

आरोही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, तुम्हाला कुठलं पात्र आवडायचं?" मी म्हटलं, मी कार्टून पाहिलंय कुठं? वाडीत पहिला रंगीत टीव्ही आमचाच, यांनी बोटीवरून आणलेला. रविवारी सकाळी ओटीवर तीस-पस्तीस माणसं. एवढ्यांचा चहा करायचा म्हणजे मी चुलीपाशी. तीन वर्षं सगळं ऐकलं, पाहिलं काही नाही.

तिला एक गंमत सांगितली. खेकडा पहिल्यांदा बोलला त्या दिवशी आमची वेदिका पाच वर्षांची होती. टीव्ही सोडून ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई!" सगळी ओटी हसली. मला वाटलं पोरीला काही हवंय. मी आतून म्हटलं, "येत्ये, वाईच थांब." तर आणखी हसली. इतकं हसायला काय झालं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आरोही हसली नाही. तिने मग विचारलं, "इथल्या बायका 'येत्ये' म्हणतात?" म्हटलं, इथल्या नाही. आमच्या वाडीत बाया आणि बाप्ये सगळे 'येतंय' म्हणतात. मी राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची. आमच्या घरात येत्ये, जात्ये, करत्ये. सासूबाई चिडवायच्या, आली आमची येत्येवाली. सगळं बदललं, हे एवढं तोंडातून गेलं नाही.

तिने ते वहीत लिहून घेतलं. शहरातल्या मुलींना कशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही.

२० जानेवारी

२४८.

काल पाहुण्यांसाठी आणलेले पेढे संपले. पाहुण्यांनी एकेकच घेतला होता. डबा मीच पडवीत ठेवला, चूक माझीच.

२ फेब्रुवारी

१६५. २०४. जरा बरी.

वेदिका म्हणाली, "आई, आता साखर उतरली ना?" ती तारखा धरून बसलीय. मार्चच्या अठ्ठावीसला दिवस भरतात.

लिहायला नको वाटतं, पण लिहिते. चार वर्षांपूर्वी तिचं पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हाही मी येते म्हटलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. उद्या निघू, परवा निघू. आठव्या दिवशी पोचले तेव्हा वेदिका उठून भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "चहा घेतेस?" त्याच्यावर आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

शेजारची मनिषा, अजिंक्यची बायको, आपणहून म्हणाली, "काकी, जाऊन या तुम्ही. काकांचं जेवण मी देईन." यांना सांगितलं. म्हणाले, तिच्या हातची भाकरी जाड असते. मग मी सरळच विचारलं, आठ दिवस जाऊ का?

"जा की. मी काय अडवलंय? माजा काय, पडलंय तर पडलंय."

अडवत नाहीत हे खरं आहे. चाळीस वर्षांत एकदाही अडवलं नाही. तरी माझं जाणं होत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार.

११ फेब्रुवारी

१७४. २१०.

प्रदर्शनाचं पत्रक आलं. मधोमध मोठा शंख आणि त्यातून डोकावणारे खेकड्याचे दोन डोळे. खंड्या तांडेल खाली कोपऱ्यात, बोटाएवढा. हे दिवसभर घुम्म. "हिरो कोन व्हता नि छापलाय कुनाला," असं चार वेळा म्हणाले.

संध्याकाळी भिवा खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या, घेऊन आला. आता होडी चालवत नाही, पण जेट्टीवर बसलेला असतो. चौऱ्याहत्तर वय, लग्न केलं नाही. वाडी अजून त्याला 'वाईच' म्हणूनच हाक मारते. म्हटलं, भिवा भावोजी, तुम्ही तर पत्रकावर आलात. तिसऱ्यांची पिशवी खाली ठेवून तो बोलला.

"वैनी, बत्तीस वर्सां लोक मला वाईच म्हनतात. तुमी सांगा, माज्या तोंडातना कवा आयकलाव? मी होडीवाला. धक्क्यावर मानूस दिसला की मी 'आलो' म्हनतंय नि जातंय. वाईच थांबा म्हटलान तर होडीत बसंल कोन?"

"मग ते कुणाचं हो?" मी विचारलं.

त्याने पडवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असंल कुनाचातरी. मी खपवून घेतलंय. माजा काय जातंय, हसनारी मानसां मलाच हसू देत." आणि उठताना म्हणाला, "पलीकडं जायचा झाला तर सांगा. बॅग मी धरीन."

मी कुठं जाणार आहे म्हटलं होतं? म्हातारपणी माणूस काहीतरीच बोलतो. तिसऱ्या मात्र छान होत्या.

२३ फेब्रुवारी

१६९.

आरोही पुन्हा आली, या वेळी एकटीच. लॅपटॉप आणि विनीतची जुनी वही घेऊन. "काकू, आज तुम्ही ओटीवर बसायचं," म्हणाली आणि हाताला धरून बसवलं. हे शेजारी खुर्चीत. चहा आधीच झाला होता, त्यामुळे उठायला निमित्त नव्हतं.

कार्टून लागलं. खंड्या आला, हे खूश झाले. बगळीण आली, येसूबाईच समोर उभी राहिली. मी हसत होते. मग चिखल, तिवराची मुळं, आणि त्यांच्यात शंख. शंखाच्या तोंडाला पडदा होता. हिरव्या कापडावर पिवळी फुलं, आणि खालच्या कोपऱ्यात लाल ठिगळ.

ते ठिगळ मी घातलेलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा होता तो. वेदिकाच्या बारशाच्या ओटीत आलेल्या साडीचा शिवलेला. आत भांडं पडल्याचा आवाज आला, पडदा हलला आणि पुरुषाचा आवाज म्हणाला, "येतो, वाईच थांबा."

आरोहीने वही उघडली. खंड्याची पानंच्या पानं, यांची मान, यांचा हात, यांची विडी. खेकड्याचं पान एकच. त्याच्यात खेकडाही नव्हता. नुसतं आमचं दार, पडदा, आणि पडद्याखालून दिसणारी दोन पावलं. खाली विनीतच्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'येत्ये, वाईच थांबा. आज एकोणीस वेळा. हिला शेवटच्या भागात एकदा बाहेर काढायचं.'

"बाबांनी 'हिला' लिहिलंय," आरोही हळू म्हणाली. "कंपनीने आवाज पुरुषाचा घेतला, म्हणून 'येत्ये'चं 'येतो' झालं. आणि शेवटचा भाग झालाच नाही. कार्यक्रम मधेच बंद पडला."

हे हसायला लागले. "काय तरी तुजा. हिला कोन काढील? ही कवा व्हती भायर?"

आरोहीने वही मिटली. त्यांना स्वतःला कळलं नाही ते काय बोलले. मग म्हणाले, "दमे, चाय टाक अजून."

"येत्ये..." मी म्हटलं, आणि पुढचं तोंडातच राहिलं.

२४ फेब्रुवारी

साखर घेतली, पण लिहायची राहिली.

एकोणीस वेळा. मोजत बसला होता. माझ्याच पायरीवर, माझीच घावनं खात. यांची चाळीस चित्रं काढली आणि माझी फक्त पावलं. तीन वर्षं सगळा महाराष्ट्र रविवारी सकाळी मला हसला आणि मी आत चहा गाळत म्हणत होते, काय मूर्ख खेकडा आहे.

राग आलाय. पण हसल्याचा नाही, हे सकाळपासून विचार करून माझ्या लक्षात आलंय. त्याने बघितलं होतं. एका माणसाला दिसलं होतं आणि त्याने ते मला सोडून सगळ्यांना सांगितलं. मला सांगितलं असतं तर काय केलं असतं मी? अठ्ठावीस वर्षांची होते. बहुतेक म्हटलं असतं, भावोजी, वाईच थांबा, भाकरी करपत्ये.

आणि भिवा. बत्तीस वर्षं माझं नाव स्वतःच्या अंगावर घेऊन फिरला.

आज मी मोजलं. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा.

८ मार्च

१६१. १९८.

सत्काराची तारीख ठरली, तेवीस. यांना नवा सदरा हवा, पायात घालायला मऊ चप्पल हवी, आणि मी बरोबर हवी. "कार्यक्रम झाला की चोवीसला जा गुहागराक. मंग महिनाभर ऱ्हा, मी काय बोलत नाय." विचार केला तर बरोबरच आहे. अठ्ठावीसला दिवस भरतायत, चार दिवस हातात राहतात.

वेदिकाला फोन केला. "चोवीसला नक्की."

"बरं," एवढंच म्हणाली. तिने आपणहून 'कधी' म्हणून विचारलं नाही याचं वाईट वाटलं. हल्ली ती विचारत नाही.

१५ मार्च

शिमगा. पालखी दारात आली. देवीची ओटी भरली, नारळ ठेवला. मागणं मागायला हात जोडले आणि काय मागावं सुचेना. मागे रांग खोळंबली. देवीसुद्धा वर्षभर देवळात बसते, पण तिचेही हे चार दिवस असतात. लोक खांद्यावर घेतात, नाचवतात, घरोघर नेतात. तिला कुणी विचारत नाही की तुझ्यामागे देवळाचं कसं होणार.

असलं मनात आलं म्हणून कानाला हात लावला. १८०.

१९ मार्च

१६४.

दुपारी सोहमचा, जावयांचा फोन आला. वेदिकाचं ब्लडप्रेशर वाढलंय. उद्या दवाखान्यात दाखल करणार, परवा बहुतेक ऑपरेशन करून बाळ काढतील. मग वेदिकाने फोन घेतला. आवाज बारीक येत होता.

"आई, येते म्हणू नकोस. येणार नसशील तर नाही म्हण. म्हणजे मी मनाची तयारी करते."

हे मी आधी कुठंतरी वाचलंय असं वाटलं. डायरीची मागची पानं चाळली. बारा जानेवारीला मीच लिहिलं होतं, त्या खेकड्याला उद्देशून.

यांना सांगितलं. काळजी यांनाही वाटते, नाही असं नाही. पोर यांचीही आहे. मग म्हणाले, "सोहम हाय, त्याची आई हाय, डाक्टर हायत. तू जाऊन काय करनार? आनि तेवीसला माज्यासंगती कोन? चार दिसांचा तर प्रश्न हाय."

मी स्वयंपाकघरात गेले. पिशवी भरली. मग रिकामी केली, कपडे पुन्हा घडी घालून ठेवले. मग परत भरली. मला भीती वाटते, खरं लिहायचं तर. हे पडतील याची नाही. जेट्टीवर काठीशिवाय चालताना मी त्यांना बघितलंय. मी नसले आणि त्यांचं काहीच अडलं नाही, तर? मग इतकी वर्षं मी आत काय करत होते?

मनिषाला सांगून आले. ती नुसतं म्हणाली, "किती वाजता?"

२० मार्च, गुहागर

साखर घेतली नाही. मशीन पडवीत यांच्या हाताशी ठेवून आले.

दवाखान्यात वेदिकाच्या खाटेशेजारी बसून लिहिते आहे. तिला आत्ता झोप लागलीय. माझ्या हाताचं एक बोट तिने धरून ठेवलंय, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय.

सकाळी यांच्या गोळ्या वेळेप्रमाणे डबीत लावल्या. भाकऱ्या करून ठेवल्या, पातळ. पाण्याचा तांब्या खुर्चीशेजारी. हे मोबाईलवर स्वतःचे जेट्टीवरचे फोटो बघत होते. पुढच्या दाराने गेले असते तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं, आणि त्यांनी नुसतं वर बघितलं असतं तरी मी मागे फिरले असते. मागल्या दाराने निघाले. पायरी उतरले, परसातून गडग्याच्या फटीपर्यंत पोचले, तेवढ्यात हाक आली.

"दमे, चष्मा दी."

मी थांबले. पाय आपोआप मागे वळले. एक पाऊल घराकडे टाकलंही. मग लक्षात आलं की घरातून बाहेर पडणाऱ्या बाईने जाते म्हणायचं नसतं. माझ्या आईने शिकवलंय, जाते म्हणणं अभद्र, निघतानाही येते म्हणावं. आणि मी निघाले होते.

"येत्ये," मी म्हटलं. नेहमीच्याच आवाजात, पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. खोटं बोलले नाही. आणि गडगा ओलांडला.

जेट्टीवर भिवा बसलेला होता. तो उठला, माझी पिशवी घेतली आणि फेरीबोटीत नेऊन ठेवली. "वैनी, वाईच संबाळून," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडातून आला असेल. त्याला स्वतःलाच हसू आलं, मग मलाही.

बोट सुटल्यावर मी मागे बघितलं नाही. समोरचा किनारा जवळ येत होता तिकडे बघत राहिले. चाळीस वर्षं तो मी एकाच जागेवरून पाहत होते. जवळून बघितला तर तिथंही एक घर होतं आणि एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती.

खोलीच्या दारात मी दिसले तेव्हा वेदिका रडली नाही, हसली नाही. मग म्हणाली, "आई, तू खरंच आलीस?" मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

२१ मार्च

मुलगी. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. दोन किलो चारशे ग्रॅम. वेदिका बरी आहे. चार वर्षांपूर्वीचं आज आम्ही बोललो. फार नाही, चार वाक्यं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू आता बस इथंच." मी बसलेच होते.

यांचे सात मिस्ड कॉल. मनिषाकडून कळलं की जेवण वेळेवर झालं. मी अजून फोन केलेला नाही. भीती वाटते, पण परवाच्याइतकी नाही.

२३ मार्च

आज सत्कार झाला. आरोहीने फोटो पाठवला. हे नव्या सदऱ्यात, हातात श्रीफळ, अंगावर शाल, पायांवर ताठ उभे. बाजूला अजिंक्य आहे, पण त्याने धरलेलं नाही. मागे भिंतीवर आमच्या दाराचं, पडद्याचं आणि पावलांचं ते चित्र मोठं करून लावलंय. खाली माझं नाव आहे. दमयंती, एवढंच. मी फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. वेदिकाने माझ्या हातातून मोबाईल घेतला, ते चित्र बघितलं आणि म्हणाली, "बाकी सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं गो. मी पाच वर्षांची होते, मलासुद्धा कळलं होतं."

संध्याकाळी मीच यांना फोन लावला. उचलला आणि पहिला आकडा सांगितला. उपाशीपोटी १४८. स्वतः सुई टोचून घेतली म्हणाले. इतका खाली आकडा या डायरीत आधी कुठेच नाही. तो वर पहिल्या ओळीत लिहायला हवा होता.

नातीबद्दल विचारलं. नाक कुणासारखं, रडते का, एवढं सगळं विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "तू येत्ये म्हनालीस. मी अर्धा तास वाट बगितली. हाका मारमारून घसा बसला. मंग उटलो."

"चष्मा सापडला?"

"खिशातच व्हता."

फोनमधून आमच्या पडवीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. ते खाकरले.

"प्रदर्शनात बगितला मी ता चित्र," म्हणाले. "पावलां तुजीच हायत. मी वळखली." आणि मग एकदम बारीक आवाजात, हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, "दमयंती, घरी कवा येतंस?"

इकडे बाळ जागं झालं होतं. वेदिकाने हात पुढे केला होता, तिला उठून बसायचं होतं. मी मोबाईल खांद्यात धरला आणि तिच्या पाठीमागे उशी लावली.

"येत्ये," मी म्हटलं. "वाईच थांबा."